पापणीच्या आतलं काजळ

वैशाख आला की आमच्या बाजारात ताडपत्र्या खाली येतात. काचेतल्या साड्या उन्हानं विटू नयेत म्हणून सकाळी दहालाच दुकानाच्या तोंडावर अंधार करायचा आणि आत ट्यूबलाइट लावायच्या, ही हुबळीच्या कापडबाजाराची जुनी रीत. त्या अंधारात गदग, बागलकोट, नवलगुंदकडची लग्नाची माणसं चपला काढून आत शिरतात, गादीवर बसतात, तांब्याभर पाणी पितात आणि भाव विचारायच्या आधी पंखा आपल्याकडं फिरवायला सांगतात. तीस वर्षं मी हे बघते आहे. लग्नसराई सुरू झाली हे मला कॅलेंडरवरच्या मुहूर्तांवरून कळत नाही, पंख्यावरून सुरू होणाऱ्या भांडणांवरून कळतं.

यंदा ती माझ्या डोळ्यांवरून कळली. महिन्यापूर्वी पापण्या सुजल्या. सकाळी उठावं तर कडांना कोंड्यासारखं काहीतरी चिकटलेलं, उजेडाकडं बघवत नाही, आणि काजळाची रेघ ओढली की दहा मिनिटांत डोळ्यांना धार. इथल्या लॅमिंग्टन रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी माझी पापणी उलटी करून पाहिली आणि पर्समधलं जे काही तोंडाला लावता ते सगळं टेबलावर काढा म्हणाल्या. काजळाची कांडी किती दिवसांची, मस्करा कधी उघडला, आणखी कोण वापरतं, असं पोलीस विचारतो तसं विचारलं. मी कांडी उलटीपालटी करून तिच्यावर तारीख शोधायला लागले.

मग त्यांनी सांगितलं. डोळ्याला लागणारी वस्तू तीन-चार महिन्यांच्या वर ठेवायची नाही. दुसऱ्याची वापरायची नाही, आपली द्यायची नाही. पापणीच्या आतल्या कडेवर काही लावायचं नाही, तिथं तेलाच्या ग्रंथींची बारीक बारीक तोंडं असतात, ती बुजली की डोळा कोरडा पडतो आणि मग चुरचुरतो. झोपण्याआधी सगळं धुवायचं, गरम पाण्यात फडका पिळून डोळ्यांवर ठेवायचा. डोळा लाल असताना काजळ तर सोडाच, बोटसुद्धा लावायचं नाही. एवढं साधं असतं, पण बायका ऐकत नाहीत, असं त्या हसून म्हणाल्या. मी मान हलवली. यातलं लाल डोळ्याचं जे होतं ते मला नऊ वर्षांपूर्वीच माहीत होतं.

घरी आले तेव्हा सासूबाई उणकलच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत तळ्याकडं तोंड करून बसल्या होत्या. त्यांना घर आणि दुकान दोन्हीकडं अक्का म्हणतात. ऐंशी ओलांडलेल्या अक्कांना तळं धूसर दिसतं, पण माणसाचं वाईट अचूक दिसतं. माझ्या तोंडाकडं एकदा बघून म्हणाल्या, "त्या पोरीगत झालं की गं तुझं." नाव घेतलं नाही. नऊ वर्षांत आमच्या घरात ते नाव कुणी घेतलेलं नाही, आणि त्यासाठी कुणाला बजावावंही लागलेलं नाही.

तिचं नाव कविता.

काजळाशी माझी ओळख मिरजेची, माहेरची. एरंडेलाचा दिवा, त्यावर पालथी धरलेली तांब्याची ताटली, ताटलीवर धरलेली काजळी आणि ती खलायला लोणकढ्या तुपाचा थेंब. आई मला दोन गुडघ्यांत आवळून धरायची आणि करंगळीनं पापणी खाली ओढून आतल्या कडेवर रेघ ओढायची. मी किंचाळायचे. झोंबतंय म्हणजे लागतंय, असं ती म्हणायची, आणि तिची आईही हेच म्हणत असणार. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं की आमच्याकडं डोळा स्वच्छ झाला असं धरतात. तिला दुखतंय असं धरायची पद्धतच नाही. माझ्या मुलीला मी तसंच गुडघ्यांत धरलं. मोठी झाल्यावर तिनं बंगळूरला जाऊन चष्मा लावला आणि काजळ सोडलं, तर मी तिला भुंडी दिसतेस म्हणाले.

सांगायचा मुद्दा असा, की दुखणाऱ्या डोळ्याकडं बघून न बघायचं शिक्षण मला दुकानात मिळालेलं नाही. ते मी माहेराहून घेऊन आले होते. दुकानानं त्याचा उपयोग केला.

दुकान सासऱ्यांच्या वडिलांचं. सांगलीकडून गाठोडं डोक्यावर घेऊन आलेली माणसं, तीन पिढ्यांत इथलीच झाली. गिऱ्हाइकाशी कानडीत, पुरवठादाराशी हिंदीत आणि एकमेकांना टोचायचं असेल तेव्हा मराठीत बोलणारी. गादीवर साड्या उलगडायचं काम पूर्वी पुरुष करायचे. नऊ-दहा वर्षांपूर्वी आजूबाजूला मोठमोठी काचेची दुकानं झाली, तिथं रंगवलेल्या तोंडाच्या मुली उभ्या राहायला लागल्या, तेव्हा आम्हीही पाच मुली ठेवल्या. मुलींनी साडी स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायची. तोंड नटवलेलं पाहिजे. हा नियम अक्कांचा, अंमल माझा.

त्यासाठी मोरीशेजारच्या आरशाखाली एक स्टीलचा डबा ठेवला. त्यात एक काजळाची कांडी, एक मस्करा, एक लायनर, एक लिपस्टिक, चेहऱ्याला फासायची एक बाटली आणि एक स्पंज. पाच मुली, एक स्पंज. मस्करा वाळला की मीच त्यात दोन थेंब पाणी घालायचे. फेकायला जिवावर यायचं.

कविता जुन्या हुबळीतल्या एका बोळातली. वडील हमाली करून थकलेले, आई दोन घरी स्वयंपाकाला, पाठची बहीण शाळेत. बौद्ध कुटुंब, आणि सगळ्या घरात शिकायचा ध्यास. ती स्वतः पदवीपर्यंत शिकलेली. अक्कांनी तिला ठेवून घेतली कारण कानडी आणि मराठी दोन्हीत तिची जीभ सारखी गोड होती. पण तिचा चहाचा कप खिडकीच्या पाळीवर वेगळा ठेवला. मी तो तिथं बघितला आणि तिथंच राहू दिला. काजळाचा डबा मात्र पाचजणींत एकच. कपाला विटाळ होता, कांडीला नव्हता, कारण कांडी गिऱ्हाइकासाठी होती. आमचा धर्म कुठं सुरू होतो आणि कुठं संपतो हे तेव्हा मला मोठं समजूतदारपणाचं वाटायचं.

त्या हंगामाचा वास मला अजून येतो. नव्या साडीच्या खळीचा, पेढ्याच्या खोक्याचा, गिऱ्हाइकांच्या डोक्यातल्या मलूल मल्लिगेच्या गजऱ्याचा, आणि तेवढ्या गर्दीत कुणीतरी बाळाला पाजत बसलेलं असायचं त्या दुधाचा. दुपारी तीनला लाइट जायची. ताडपत्रीच्या भोकांतून उन्हाची वर्तुळं गादीवर पडायची आणि जरीवरून सरकत जायची. त्या अर्ध्या तासात कविता मागच्या खिडकीशी बसून पिशवीतून एक कापड काढायची. कसुती.

आमच्या या धारवाडकडच्या भरतकामाचं ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी सांगते. कसुतीला कापडावर चित्र काढून घेत नाहीत. कापडाचे उभे-आडवे धागे डोळ्यांनी मोजायचे, इतके सोडायचे, इतके उचलायचे, गाठ म्हणून कुठं मारायची नाही, आणि उलट-सुलट दोन्हीकडून नक्षी सारखी दिसली पाहिजे. गोपुर, रथ, तुळशीवृंदावन, हत्ती. एक धागा चुकला तर पुढचं सगळं गोपुर कलतं. कविताचं गोपुर कलत नसे. कापड उलटं करून ती मला विचारायची, "वैनी, सुलटी बाजू कंची सांगा बघू." मला कधीच सांगता आलं नाही.

जूनमध्ये धारवाडला कसुती शिकवणाऱ्या बाया घेणार होते. एका शिक्षणकेंद्रात कायमची नोकरी. त्यासाठी परीक्षा, समोर बसवून चार तासांत एक नमुना भरायचा. कविता त्याचीच तयारी करत होती. हे तिनं मला सांगितलं होतं, दुसऱ्या कुणाला सांगितलं नव्हतं. मीही खूश होऊन तिला माझ्यासाठी एक ब्लाउजपीस भरून दे म्हणाले होते, तेवढाच सराव होईल म्हणून. अशी माझी दानत.

डोळे पहिल्या आठवड्यातच चुरचुरायला लागले. मस्करा लावला की पापण्यांच्या कडा लाल व्हायच्या आणि उजेडाखाली उभी राहिली की पाणी गळायचं. ती तोंड धुऊन यायची, परत लावायची, परत गळायचं. एकदा खांद्यावर मोतिया रंगाची साडी टाकून ती उभी होती आणि गालावरून काळा ओघळ हनुवटीपर्यंत आला. गादीवर सहा माणसं बसलेली. मी धावले. तिच्या डोळ्यांना काय झालं ते मी विचारलं नाही. मी म्हटलं, "साडी बाजूला धर, डाग पडेल."

तिनं साडी बाजूला धरली.

ज्या दिवशी सगळं बदललं तो दिवस बुधवार होता हे पक्कं आठवतं, कारण बुधवारी जुन्या हुबळीतून भाजीवाली यायची आणि मी तिच्याशी कोथिंबिरीवरून हुज्जत घालत होते. गदगची एक बाई लग्नाच्या मुलीला घेऊन शालू घ्यायला आली होती. चाळीस साड्या उलगडून झाल्या होत्या, बाई उठायच्या बेतात. शेवटचा म्हणून एक लाल शालू कवितानं खांद्यावर टाकला, पदर डोक्यावरून घेतला आणि मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळ वाहायला लागलं. मस्कऱ्याचं पाणी. पण त्या बाईला ते कसं कळणार? तिला दिसली लाल शालूतली एक गरिबाची पोर, स्वतःच्या लग्नाच्या आठवणीनं नाही तर स्वप्नानं रडणारी. बाई उठली, कविताच्या पाठीवरून हात फिरवला, "अळब्याडव्वा, निंदू आगतैति" म्हणाली. रडू नको बाळ, तुझंही होईल. मग स्वतःच रडायला लागली. मग नवरी रडायला लागली. मग दोघींनी मिळून तो शालू घेतला, करवलीच्या दोन घेतल्या आणि जाताना कविताच्या हातावर पेढा ठेवला.

मी कोथिंबीर हातात घेऊन उभी. अक्का गल्ल्यावरून सगळं बघत होत्या. संध्याकाळी ताडपत्री गुंडाळताना एवढंच म्हणाल्या की उद्यापासून ही पोर शालूच्या गादीवर. आणि माझ्याकडं बघून पुस्ती जोडली, "डोळ्याचं राहू दे तसंच."

अक्कांना दोष देऊन मोकळं होता आलं असतं, पण खोटं कशाला बोलू? अक्का एकदाच बोलल्या. पुढचा दीड महिना रोज बोलले ती मी. सकाळी कविता नुसतं कुंकू लावून उभी दिसली की तिला आरशाकडं पाठवणारी मी. रेघ पापणीच्या आतून ओढ, बाहेरून ओढलेली पुसून जाते, असं शिकवणारी मी. आतून ओढली की जास्त पाणी येतं हे मी दोन दिवसांत ताडलं होतं. नवरीची आई गादीवर बसली की मी ट्यूबलाइटचं दुसरं बटण दाबायचे, उजेड तोंडावर यावा म्हणून. त्या हंगामात आमच्या गादीवर इतक्या आया रडल्या की शेजारचा दुकानदार गमतीनं म्हणाला, वैनी, साड्या विकताय की मुली सासरी धाडताय? मी हसले. मलाही गंमतच वाटत होती, हे सांगून टाकते.

मधे एकदा तिनं औषधाच्या दुकानातून थेंब आणले. दोन दिवस घातले, डोळे निवळले. त्या दोन दिवसांत दोन मोठी गिऱ्हाइकं बघून निघून गेली. तिसऱ्या दिवशी मी नियम काढला की दुकानात थेंब घालायचे नाहीत, गिऱ्हाइकासमोर बरं दिसत नाही. तिनं बाटली पिशवीत ठेवली. कधी घालत असेल ती? सकाळी नऊला येणारी आणि दिवेलागणीनंतर जाणारी पोर. हा हिशेब मला येत नव्हता अशातला भाग नाही. डोळ्यांवर कातडं ओढलं की सगळे हिशेब सोपे होतात.

आणि एक गोष्ट. ती खरंच रडत नव्हती, हे मला ठाऊक होतं, म्हणून मला तिची दया येत नसे. गिऱ्हाइकांना ती यायची, कारण त्यांना वाटायचं ती रडते आहे. खोट्या रडण्याला दया आणि खऱ्या दुखण्याला नियम, असा तो कारभार होता. मनातून दुखलेलं माणसाला समजतं आणि बुबुळ दुखलेलं समजत नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

कसुतीचं कापड ती अजून काढायची, पण आता नाकाजवळ धरायची. एका दुपारी मी तिला विचारलं, परीक्षेची तयारी कुठवर आली. "मोजताना धागं हलतेत ओ वैनी," ती म्हणाली. "तेवढं लग्नाचं मुहूर्त सरले की मी हे लावणार न्हाई. जूनपातूर डोळं बरं व्हायला पायजेत." तिनं माझ्याकडं परवानगी मागितली नव्हती, पण मला ती मागितल्यासारखी वाटली. मुहूर्त सरू देत, मग बघू, असं मी म्हटलं. तीन आठवडे राहिले होते.

शेवटच्या मोठ्या मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात ती डावा डोळा मिटूनच आली. पापणी जांभळी, कडेला पू. उजेड सोसवत नव्हता म्हणून तिनं पदर डोळ्यावर धरला होता. आज काही लावत नाही, मी मागं घड्या घालत बसते, असं तिनं सांगितलं. त्या दिवशी बागलकोटची मंडळी यायची होती, दोन लग्नं एका मांडवात. माझ्या समोर तो डोळा होता. तेव्हा मला कुणा डॉक्टरची गरज नव्हती. मिरजेच्या माझ्या अडाणी आजीलाही कळलं असतं की या डोळ्याला हात लावायचा नसतो.

मी म्हटलं, "थोडंच लाव. आजचा दिवस."

तिनं एका डोळ्यानं आरशात बघून दुसऱ्याला लावलं. त्याच कांडीनं, त्याच डब्यातलं. बागलकोटची मंडळी रडली, सतरा साड्या घेतल्या. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी आली नाही. चौथ्या दिवशी तिची आई सांगत आली की बुबुळावर जखम झाली आहे, सरकारी दवाखान्यात ठेवलंय, दर तासाला औषध घालतात. आई दारातच उभी होती. आत ये असं तिला कुणी म्हटलं नाही.

डोळा गेला नाही. फूल पडलं. बुबुळावर तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका, त्यातून बघितलं तर ओल्या काचेतून बघितल्यासारखं दिसतं, असं तिच्याबरोबरची एक मुलगी सांगत होती. तो डबा मी त्याच दिवशी कचऱ्यात टाकला. पश्चात्ताप म्हणून नाही. कुणी येऊन बघू नये म्हणून.

आणि मग मी जे केलं ते काजळापेक्षा वाईट. बाजारात लोक विचारायला लागले, त्या रडणाऱ्या पोरीचं काय झालं? मी सांगितलं, काय सांगू, रात्रंदिवस कसुती करायची, अंधारात धागे मोजायची, डोळे खराब करून घेतले. हे वाक्य अक्कांनी बनवलेलं नाही. हे माझं. ते इतकं शोभून दिसलं की सगळ्यांनी उचललं. शेजारच्या दुकानदाराची भाची धारवाडच्या त्याच केंद्रात होती, तेव्हा ते वाक्य तिथंही पोचलं. हिचे डोळे आधीच कामातून गेलेत, असं परीक्षेच्या आधीच तिथं सगळ्यांना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण संन्याशाच्या गळ्यात दोर अडकवायला चोर स्वतः आला होता, एवढाच फरक.

जूनमध्ये ती परीक्षेला बसली. डाव्या डोळ्यावर पट्टी, उजव्याला अजून पाणी. पहिल्या तासात निम्मं गोपुर नीट झालं म्हणे. मग धागे मोजता मोजता ती थांबली, परत पहिल्यापासून मोजायला लागली, परत थांबली. वेळ संपायच्या आधी कापड तसंच ठेवून उठून गेली.

माझा ब्लाउजपीस तिनं त्या आधीच एका मुलीच्या हाती पाठवून दिला होता. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुई काढून घेतलेली. तो माझ्या कपाटात आहे. डाव्या बाहीपासून नक्षी सुरू होते, गोपुरं एकाशेजारी एक उभी, काटकोनात, उलटं करून बघितलं तरी तीच. मग गळ्याजवळ एका ठिकाणी एक धागा चुकलेला दिसतो. पुढच्या गोपुरात दोन. तिथून पुढं तिनं उसवून परत घातलेलं दिसतं, कापडाला सुईची भोकं पडलेली दिसतात, आणि मग नक्षी थांबते. बागलकोटची मंडळी कुठल्या टाक्यानंतर येऊन गेली तेही मला त्यात वाचता येतं. मी ते कापड फेकलेलं नाही आणि कुणाला दाखवलेलंही नाही. कधीकधी काढून बघते आणि परत ठेवते. याला पश्चात्ताप म्हणायचं असेल तर म्हणा, पण नऊ वर्षांत मी जुन्या हुबळीतल्या त्या बोळात एकदाही गेले नाही. रिक्षानं चौदा मिनिटं लागतात.

यंदा गरम फडका डोळ्यांवर घेऊन पडले की मला हे सगळं दिसतं. माझ्या डोळ्यांची किती काळजी चालली आहे. मुलगी रोज फोनवरून विचारते, थेंब घातले का. आमचे हे येताना फार्मसीतून कसली कसली जेलं घेऊन येतात. दुकानात मुली म्हणतात, वैनी, तुम्ही पंख्यासमोर बसू नका. मला कुणी आरशाकडं पाठवत नाही. डोळे तेच, चुरचुरणं तेच, पण माझ्या डोळ्याला मालक आहे आणि तिच्या डोळ्याचे मालक आम्ही होतो.

गेल्या आठवड्यात दुपारी, लाइट गेलेली असताना, ताडपत्री बाजूला करून दोघी आत आल्या. धाकटी पुढं, थोरली मागं. थोरलीनं चपला काढून मान वर केली आणि मला तो ठिपका आधी दिसला, मग चेहरा.

"वैनी, बरं हाय न्हवं?" कविता म्हणाली. जशी काही काल सुट्टी घेऊन आज कामावर आली होती.

ती आता एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवते-उतरवते, हे तिच्या बहिणीनं सांगितलं. बहीण बँकेत लागली आहे, तिचं लग्न ठरलंय. पांढरी साडी बघायची होती. बौद्ध लग्नात नवरी पांढरं नेसते, आणि आमच्या बाजारात पांढरं चांगलं मिळणं मुश्कील, कारण लग्नाच्या दुकानात पांढरं पुढं मांडत नाहीत. आमच्या आताच्या मुली कपाटं उघडून शोधत बसल्या. कवितानं बसल्या जागेवरून बोट केलं. "तळच्या कप्प्यात बघा. चांगला माल तिथंच असतोय." माल तिथंच होता. दुकानाचा कप्पान् कप्पा तिच्या डोळ्यांना अजून पाठ होता, म्हणून ती आली होती. माझ्यासाठी नाही.

मी मुलींना बाजूला केलं. स्वतः उठले, पांढरी रेशमी, बारीक सोनेरी काठाची साडी उलगडली आणि पन्नाशी उलटलेल्या माझ्या खांद्यावर टाकून तिच्यासमोर उभी राहिले. असं मी आयुष्यात कुणा गिऱ्हाइकासमोर उभी राहिले नव्हते. त्याच क्षणी लाइट आली, ट्यूब भपकन तोंडावर, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

मला खरंच रडू आलं होतं. आणि डोळेही चुरचुरत होते. त्यातलं किती कशाचं, हे मला सांगता येणार नाही. बहिणीला मात्र कळवळा आला. तिनं माझ्या हातावर हात ठेवला, तायडे, बघ ना, काकू रडायला लागल्या, असं हळूच म्हणाली. मी कविताकडं बघितलं. कसुतीचं ते वाक्य माझं होतं, एवढं तरी आज सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. तिचं नाव उच्चारलं, नऊ वर्षांत पहिल्यांदा.

कविता माझ्या तोंडाकडं बघत नव्हती. साडीचा काठ तिनं उजव्या डोळ्याच्या अगदी जवळ धरला होता आणि विणीचे धागे अंगठ्यानं सरकवून बघत होती. मग तिनं मान वर केली. माझ्या गालावरचं पाणी तिनं बघितलं, पुष्कळ वेळ बघितलेली वस्तू बघावी तसं. रागाचा लवलेश नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

"वैनी, साडी बाजूला धरा," ती म्हणाली. "डाग पडंल."

मी साडी बाजूला धरली. तिनं काठ सोडला, बहिणीला घाई करू नको म्हणून सांगितलं, आणि गादीवर मागं सरून बसत मला म्हणाली, "दुसरी दाखवा."